परीक्षा भाषेची आणि परीक्षेची भाषा

परीक्षा म्हटली की डोळ्यांपुढे येते ती प्रश्नपत्रिका. पण प्रत्येक प्रश्नपत्रिकेत एक न छापलेला प्रश्नही असतो. तो असा की, 'ज्या भाषेत हे सगळं विचारलं आहे, ती भाषा तुला येते का?' गणित असो, भूगोल असो की नागरिकशास्त्र, हा प्रश्न सगळ्यांच्या आधी सोडवावा लागतो, आणि त्याला गुण मात्र शून्य. ज्या पोराला हा पहिलाच प्रश्न सुटत नाही, त्याला गोदावरीची उपनदी ठाऊक असली तरी ती त्याच्या पोटातच राहते. हयातभर खेड्यातल्या शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले, त्यामुळे या न छापलेल्या प्रश्नाचा मला फार परिचय आहे.

आज हे आठवायला कारण झाली कोरियन भाषा. दचकू नका! मिरजगावात बसून कोरियाचे काय, असे कोणीही विचारील. पण पुण्याला शिकायला गेलेली आमच्या भागातली पोरे-पोरी सुट्टीला आली की हल्ली 'टॉपिक'बद्दल बोलतात. आधी मला वाटले निबंधाचा विषय असेल. मग कळले की टॉपिक म्हणजे कोरियन भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी ही परीक्षा देणार आहे. तिने मला तिचा सगळा व्यवहार समजावून सांगितला, आणि मी नेहमीच्या सवयीने त्याच्या मागचा इतिहास धुंडाळू लागलो. तेव्हा असे दिसले की परीक्षा आणि भाषा यांचे जे भांडण आपल्याकडे झाले, तेच तिकडेही झाले आहे. म्हणून आज हा लेख.

सुरुवात कोरियापासूनच करू. सरकारी नोकरीसाठी परीक्षा घेण्याची पद्धत कोरियाने चीनकडून घेतली. इ.स. ९५८ मध्ये क्वांगजोंग नावाच्या राजाने ती सुरू केली आणि १८९४ पर्यंत, म्हणजे नऊशेहून अधिक वर्षे, ती चालली. परीक्षा कोरियात, देणारे कोरियन, तपासणारे कोरियन, पुढे राज्य करायचे तेही कोरियन रयतेवर. पण उत्तरे लिहायची जुन्या अभिजात चिनी भाषेत, चिनी चित्राक्षरांत! हजारो अक्षरे घोटून घ्यायची, चिनी ग्रंथ तोंडपाठ करायचे. ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत नाही, त्याच्याच मुलाला वर्षानुवर्षे हे करायला सवड मिळणार हे उघड आहे. शेतकऱ्याच्या पोराला दार कायद्याने बंद असो वा नसो, ते भाषेने बंद होतेच.

पंधराव्या शतकात सेजोंग हा राजा झाला. कोरियन बोली लिहायला स्वतःची लिपीच नाही, त्यामुळे सामान्य माणसाला आपले म्हणणे कागदावर मांडता येत नाही, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. १४४३ साली त्याने अठ्ठावीस अक्षरांची नवी लिपी सिद्ध केली आणि १४४६ मध्ये ती जाहीर केली. आज तिला हांगुल म्हणतात आणि तिच्यातली चोवीस मूळ अक्षरे वापरात आहेत. आपली बाराखडी जशी उच्चाराच्या स्थानांवर बेतलेली आहे, तशीच ही लिपीही तोंडात जीभ कुठे लागते, ओठ कसे मिटतात यावर बेतलेली आहे. दरबारातले विद्वान अर्थातच नाराज झाले. चोए मान्री नावाच्या पंडिताने १४४४ मध्ये राजाला रीतसर निवेदन देऊन विरोध केला. चिनी अक्षरे सोडून स्वतःची लिपी करणे हे रानटी लोकांचे लक्षण आहे, असा त्याचा एकूण सूर होता. शिवाय इतक्या सोप्या लिपीवर नोकरी मिळू लागली तर कष्ट करून विद्या कोण शिकेल, ही काळजी होतीच. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वेळी प्राकृताबद्दल आपल्याकडे काय बोलले गेले ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

पण सेजोंग नुसती लिपी करून थांबला नाही. १४४६ सालच्या अखेरीस त्याने फर्मान काढले की यापुढे कनिष्ठ कारकून निवडताना या नव्या लिपीचीही परीक्षा घ्यावी, आणि उमेदवाराला तिच्यातले तत्त्व खोल समजले नसले तरी अक्षरे जुळवता येत असतील तर त्याला घ्यावे. मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. परीक्षा घेणाऱ्याने आपणहून म्हणावे की तुला किती येत नाही हे मला बघायचे नाही, कामापुरते येते का एवढेच बघायचे आहे! कोरियन भाषेच्या परीक्षेची पहिली नोंद म्हणून याच फर्मानाकडे बोट दाखवता येईल. अर्थात वरच्या पदांच्या परीक्षा चिनीतच राहिल्या. हांगुल बायकांची, पोराबाळांची, गोष्टी-पत्रांची लिपी होऊन साडेचारशे वर्षे मागच्या दाराशी बसली.

१८९४ च्या सुधारणांत ती जुनी परीक्षा बंद झाली आणि सरकारी कागद हांगुलात काढण्याचा हुकूम निघाला. १८९६ साली संपूर्ण हांगुलात छापलेले वर्तमानपत्रही निघाले. आता बरे दिवस आले म्हणेपर्यंत १९१० मध्ये जपानने देश गिळला. शाळेची भाषा जपानी, परीक्षेची भाषा जपानी. १९३८ पासून शाळांत कोरियन हा ऐच्छिक विषय झाला आणि लवकरच नावापुरताही उरला नाही. कोरियन शब्दकोश तयार करणाऱ्या मंडळींना १९४२ मध्ये पकडले. त्यांतले दोघे तुरुंगातच वारले. कोशाचे हस्तलिखित जप्त झाले होते. ते १९४५ साली, जपानचा पाडाव झाल्यावर, सोल स्टेशनच्या गोदामात सापडले, आणि १९४७ मध्ये त्याचा पहिला खंड छापून निघाला. रेल्वेच्या गोदामात पडलेली एका भाषेची शब्दसंपत्ती! ते गठ्ठे कोणी रद्दीत घातले असते तर?

आता आपल्याकडे येऊ. पेशवाईत श्रावणमासी पुण्यात दक्षिणा वाटली जाई. विद्वान ब्राह्मणांची परीक्षा होई ती वेदशास्त्रांची, संस्कृतात. इंग्रजी अंमल आल्यावरही हा निधी चालू राहिला. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या बाजूच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की या पैशातला काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. पुण्यात केवढा गहजब झाला! पण त्यातूनच १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली आणि मराठी ग्रंथाला बक्षीस मिळू लागले.

त्याच दशकात मुंबईत दुसरे भांडण चालले होते. वरचे शिक्षण मराठीतून द्यावे की इंग्रजीतून? शिक्षण मंडळात जर्व्हिस साहेब मराठीच्या बाजूने होते, तर अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या. गणिताची पुस्तके मराठीत आणून ती शिकवता येतात हे जर्व्हिस यांनी पूर्वीच करून दाखवले होते. जगन्नाथ शंकरशेट यांनी १८४७ मध्ये देशी भाषांच्या बाजूने आपले मत लेखी नोंदवले. जिंकली शेवटी इंग्रजीच. म्हणजे मराठीत उच्च शिक्षण अशक्य होते म्हणून ती हरली असे नाही. दोन्ही बाजूंना वजनदार माणसे होती आणि निकाल एका बाजूने लागला.

एक गंमत मात्र सांगायची राहिली. याच काळात मराठीची परीक्षा कसोशीने घेतली जात होती, ती साहेबांची! कलकत्त्याला १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. तिथे कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना मराठी शिकवायला विल्यम कॅरे होते. १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये कोश छापला गेला. पुढे १८३१ मध्ये मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंचा कोश आला. तो आपण आजही उघडतो, पण त्याच्या आधी तो उघडला असेल तो मराठीच्या परीक्षेला बसणाऱ्या गोऱ्या अंमलदाराने. त्याच साली आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. तिथल्या पाद्र्यांनाही आधी मराठीच शिकावी लागली. म्हणजे बघा, साहेबाला खेडुताशी बोलायला मराठी लागे, म्हणून साहेबाची परीक्षा मराठीत. खेडुताला साहेबाची चाकरी लागे, म्हणून खेडुताची परीक्षा इंग्रजीत. ज्याला ज्याची गरज, त्याने त्याच्या भाषेची परीक्षा द्यायची. हा नियम मला सगळ्या इतिहासात सारखाच दिसतो.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. १८६२ च्या पहिल्या बी.ए.ला चौघे उतरले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. सुरुवातीला विद्यापीठात दुसरी भाषा म्हणून मराठीला जागा होती. पण त्याच दशकात ती जागा संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांना गेली आणि मराठी बाहेर पडली. रानड्यांना हा सल आयुष्यभर राहिला. मराठी ग्रंथसंपदेची मोजदाद करून, अहवाल लिहून, विद्यापीठात खटपट करून त्यांनी मराठीला पुन्हा आत घेण्यासाठी वर्षानुवर्षे प्रयत्न केले. १६ जानेवारी १९०१ रोजी ते गेले, आणि त्याच सुमारास एम.ए.च्या अभ्यासक्रमात मराठीचा प्रवेश झाला. म्हणजे आपल्या भाषेला आपल्या विद्यापीठात यायला चाळीसेक वर्षे लागली, आणि तीही वरच्या मजल्याच्या खिडकीतून!

खेड्यात मात्र वेगळे राज्य होते. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी 'फायनल' हा शब्द असे. व्हर्नाक्युलर फायनल, सातवीची परीक्षा, पूर्ण मराठीतली. फायनल पास झालेला माणूस गावात वजनदार. त्याला मास्तरकी मिळे, तलाठ्याच्या चावडीत काम मिळे. ही परीक्षा पास झालेल्या मास्तरांनी महाराष्ट्राची खेडी साक्षर केली, हे आपण विसरतो. खेर मंत्रिमंडळाच्या काळात इंग्रजी आठवीपासून झाली. पुढे ती पाचवीवर आली, आणि जून २००० पासून पहिलीपासून. मी ज्या पोरांना शिकवले ती बहुतेक पाचवीला ए-बी-सी-डी गिरवणारी. दहावीच्या निकालाच्या दिवशी शाळेच्या ओट्यावर मी किती वेळा एकच वाक्य ऐकले आहे: 'सर, समद्यात निघालो, इंग्रजीत गेलो.' आमचा हा दुष्काळी पट्टा. आईबाप कारखान्यावर उसाच्या तोडीला गेलेले, पोरगं आजीजवळ. इतिहासात सत्तर गुण मिळवणारी मुलगी इंग्रजीत पंचवीसवर अडकली की तिचे लग्न ठरे. तिचे पुढचे सगळे आयुष्य दहा गुणांनी ठरले. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून 'भाषेची परीक्षा' हा शब्द माझ्या कानाला गोड लागत नाही.

आणि म्हणूनच त्या मुलीने टॉपिक समजावून सांगितली तेव्हा मी कान टवकारले. ही परीक्षा १९९७ साली सुरू झाली. टॉपिक हे नाव तिला २००५ मध्ये मिळाले. २०१४ पासून तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात ऐकणे आणि वाचणे, ७० प्रश्न, २०० गुण. ८० गुण मिळाले तर पहिली पायरी, १४० मिळाले तर दुसरी. दुसऱ्या भागात लिहिणेही आले, ३०० गुण. १२० ला तिसरी, १५० ला चौथी, १९० ला पाचवी आणि २३० ला सहावी पायरी. लेखनाचे चारच प्रश्न, पण शेवटचा सहाशे-सातशे अक्षरांचा निबंध. गुणपत्रक दोन वर्षे चालते. तिकडच्या विद्यापीठात पदवीला जायचे तर साधारणपणे तिसरी पायरी मागतात, आणि पदवी घेऊन बाहेर पडताना पुष्कळ ठिकाणी चौथी.

मला त्यातली पायरीची कल्पना आवडली. पहिल्या भागात ८० च्या आणि दुसऱ्या भागात १२० च्या खाली गेलेल्याला पायरी मिळत नाही, हे खरे. पण त्याच्या वर कोणी 'पास' नाही आणि कोणी 'नापास' नाही. तू इथे उभा आहेस, एवढेच ती सांगते. विद्यापीठांच्या भाषावर्गांतही हीच रीत. सोलच्या योन्से विद्यापीठात परदेशी माणसांसाठी कोरियन शिकवण्याची संस्था १९५९ पासून आहे. अशा संस्थांत नवा विद्यार्थी आला की आधी त्याची चाचणी घेतात, ती वर्ग ठरवण्यासाठी. सहा पायऱ्या, एकेक पायरी साधारण दहा आठवड्यांची. ज्याला अक्षरओळख नाही तो पहिलीत, ज्याला बोलता येते पण लिहिता येत नाही तो त्याच्या जागी. चाचणीत कमी गुण पडले म्हणून कोणाला घरी पाठवत नाहीत, खालच्या पायरीवर बसवतात आणि तिथून शिकवतात. सेजोंगच्या त्या फर्मानाचा सूर मला यात ऐकू येतो.

आमच्या पोरांना ही भाषा जमते का? ती मुलगी म्हणते, वाक्याची ठेवण आपल्यासारखीच आहे. 'मी शाळेत जातो' याला 'नानुन हाक्क्योए कायो'. नानुन म्हणजे मी, हाक्क्यो म्हणजे शाळा, त्याला चिकटलेला ए म्हणजे आपला सप्तमीचा 'त', आणि क्रियापद शेवटी. इंग्रजीत जे उलटेपालटे करावे लागते ते इथे नाही. तू, तुम्ही, आपण यांसारखे मानाचे बारीक भेदही आहेत, उलट आपल्याहून जास्त. वडिलांना घरात 'आप्पा' म्हणतात हे ऐकून तर आमच्या घरी हशा पिकला. (हा निव्वळ योगायोग आहे, त्यावरून कोणी आर्य-कोरियन सिद्धांत मांडू नये!)

पोरे हे कशासाठी शिकतात? काहींना तिकडची गाणी आणि मालिका आवडतात. काहींचा हिशोब सरळ आहे. नगर-पुणे रस्त्यावर रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, माणगावजवळ विळे-भागाडला पोस्कोचा, आणि तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. जपानीच्या बाबतीत पुण्याने हेच पूर्वी पाहिले आहे. जपानी भाषेची जागतिक परीक्षा १९८४ पासून आहे आणि तिला बसणारी मुले पुण्यात गल्लोगल्ली भेटतात. गरज कोणाची, परीक्षा कोणाच्या भाषेची, हा जुना नियम इथेही लागू आहेच. पण मी त्याने खट्टू होत नाही. इंग्रजी सगळ्यांवर लादली गेली होती; ही भाषा पोरांनी निवडलेली आहे, आणि तिच्यात न जमल्याने कोणाची दहावी बुडत नाही.

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे. पुणे विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग तिथे भरतात; जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकायला महाराष्ट्रातून मुले येतात. नाव न्यायमूर्ती रानड्यांचे! मराठीला विद्यापीठात जागा मिळावी म्हणून झटलेल्या माणसाच्या नावाखाली परभाषा शिकवल्या जातात, याचे कोणाला वाईट वाटेल. मला वाटत नाही. आपली भाषा आत हवी म्हणणारा माणूस दुसऱ्याच्या भाषेचा शत्रू नव्हता.

मला रुखरुख आहे ती दुसरी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, आपण पेढे वाटले. आता कोणी बिहारचा गवंडी, तमिळ नर्स, बंगाली बँक कारकून म्हणाला की मला मराठी शिकायची आहे, तर त्याला आपण काय देतो? सरकारी नोकरांसाठी भाषा संचालनालयाच्या एतदर्थ मंडळाच्या मराठी परीक्षा आहेत, निम्नस्तर आणि उच्चस्तर. त्या नोकरीपुरत्या. पण रस्त्यावरच्या साध्या माणसाला 'तू मराठीच्या तिसऱ्या पायरीवर आहेस, शाबास, आता चौथी चढ' असे सांगणारा, जिकडे तिकडे ओळखला जाणारा कागद हवा. न्यू जर्सीत वाढणाऱ्या आपल्या नातवंडांनाही तो हवा. मराठी येत नाही म्हणून माणसाला दरडावणे सोपे आहे. त्याला पहिल्या पायरीवर बसायला जागा करून देणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि ते दरडावण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

आणि घरच्या पोरांचे काय? पाचवीच्या वर्गात आजही चाळीस मुले बसतात. त्यांतल्या दहांना वाक्य धड वाचता येत नाही आणि पाच जणांचे सातवीचे पुस्तक वाचून झालेले असते. सगळ्यांना एकच धडा, एकच पेपर. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाची पायरी बघून त्याप्रमाणे तासभर वेगळे बसवावे, असे मी नोकरीत असताना करत असे, तेही अवांतर म्हणून, शाळा सुटल्यावर व्हरांड्यात. त्याला ना वेळापत्रकात जागा होती, ना पगारात. पण 'समद्यात निघालो, इंग्रजीत गेलो' हे वाक्य त्या वर्षी जरा कमी ऐकू येई.

अक्षरे जुळवता येतात ना, मग घ्या त्याला आत. पावणेसहाशे वर्षांपूर्वी एका राजाला हे सुचले होते. आपल्या शिक्षणखात्यात हे वाक्य कोणी मोठ्या अक्षरांत लिहून लावले तर बरे होईल. तुम्हांला काय वाटते, जरूर कळवा.